आघाडीत संस्कृतीचं खातं कुणाकडे?

प्रश्न असा आला आहे: "सर, मी तुमच्या अभ्यासिकेत २०१६ च्या बॅचला होते. आता नवऱ्याच्या नोकरीमुळे नेदरलँड्समध्ये, आइंडहोव्हनला आहे. नागरिकत्वासाठी पाचाची दहा वर्षं होणार, भाषेची परीक्षा अवघड होणार, असं इथे सारखं कानावर येतं आणि तेवढ्यात सरकारच पडतं. आघाडी सरकारं बाहेरून आलेल्यांबद्दल, वेगवेगळ्या संस्कृतींबद्दल धोरण ठरवतात तरी कशी? एका पक्षाच्या सरकारपेक्षा ती मवाळ असतात की कडक? आणि डच शिकायला मी आत्ता घेऊ की थांबू?"

डच आत्ताच शिकायला घे. का, ते ओघात येईल.

मवाळ की कडक, हे मंत्रालयात असताना मला पत्रकार विचारायचे, आता अभ्यासिकेतली मुलं विचारतात. दोघांचाही हिरमोड होतो, कारण मी उत्तर द्यायच्या आधी खातेवाटपाची यादी मागतो. सत्तावीस वर्षं मी फायली हलवल्या. आधी एकट्या काँग्रेसच्या राज्यात, मग साडेचार वर्षं युतीच्या, मग पंधरा वर्षं आघाडीच्या. पक्षाचा विचार काय आहे हे भाषणातून कळतं. सरकार काय करणार आहे हे मात्र दोन कागदांवरून कळतं: खातेवाटप आणि किमान समान कार्यक्रम. तिसरी एक गोष्ट कुठल्याच कागदावर नसते, तिच्याकडे नंतर येतो.

कार्यक्रमापासून सुरुवात करतो, कारण त्यातली शाई माझ्याही बोटांना लागली आहे. एखाद्या कलमावर दोन पक्षांचं जमत नाही तेव्हा कुणी मसुदा फाडत नाही, क्रियापद बदलतात. सकाळच्या मसुद्यात असतं, "देण्यात येईल". समोरच्या पक्षाचा माणूस पेन्सिलीने खाली रेघ मारतो. दुपारच्या चहानंतर ते होतं, "देण्यासाठी प्रयत्न करण्यात येतील". संध्याकाळी, "देण्याबाबत सकारात्मक विचार करण्यात येईल". आणि रात्री दोन्हीकडची माणसं थकली की, "अभ्यास करण्यासाठी समिती नेमण्यात येईल". अशा एका बैठकीत मी टंकलेखकाशेजारी बसलो होतो. रात्री एकच्या सुमारास त्याने मला हळूच विचारलं, "साहेब, समितीला मुदत टाकू का?" समोरच्या दोघांनी एकदमच "नको" म्हटलं. त्या अख्ख्या दिवसात त्यांचं झालेलं तेवढं एकच एकमत.

हे हसण्यावारी नेऊ नकोस. संस्कृती, धर्म, भाषा, बाहेरून आलेले लोक, हे विषय आघाडीत सोडवले जात नाहीत, बाजूला ठेवले जातात. आणि बाजूला ठेवणं हेही धोरणच असतं. १९९८ मध्ये वाजपेयींनी मित्रपक्ष गोळा केले तेव्हा राष्ट्रीय कार्यक्रमातून राममंदिर, कलम ३७० आणि समान नागरी कायदा हे तिन्ही विषय गाळले. पुढे भाजपला एकट्याचं बहुमत मिळाल्यावर तेच विषय वर आले, म्हणजे ते विसरले गेले नव्हते, मित्रांच्या संख्येने दाबून ठेवले होते. २००४ च्या संयुक्त पुरोगामी आघाडीत उलटी तऱ्हा. डावे बाहेरून पाठिंबा देत होते आणि अल्पसंख्याकांसाठी काहीतरी करा म्हणत होते. मार्च २००५ मध्ये सच्चर समिती नेमली, जानेवारी २००६ मध्ये स्वतंत्र अल्पसंख्याक मंत्रालय झालं, नोव्हेंबरात समितीचा अहवाल आला. खातं आधी, अहवाल नंतर. आघाडीत हा क्रम नेहमीचा आहे, कारण खातं हे देण्याघेण्याचं चलन असतं आणि अहवाल ही मुदतठेव.

आपल्याकडची मुदतठेव बघ. राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीच्या सरकारने २००८ मध्ये मेहमूद-उर-रहमान अभ्यासगट नेमला. मुस्लिम समाजाचं शिक्षण, घरं, कर्ज, नोकऱ्या यांची स्थिती तपासायची होती. अहवाल आला २०१३ मध्ये. निवडणूक तोंडावर आली तेव्हा, म्हणजे जुलै २०१४ मध्ये, मराठा समाजाला १६ टक्के आणि मुस्लिमांतल्या मागास घटकांना ५ टक्के आरक्षणाचा वटहुकूम एकाच दमात निघाला. नोव्हेंबरात उच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला आणि मुस्लिमांच्या नोकऱ्यांमधल्या आरक्षणाला स्थगिती दिली, शिक्षणातलं ५ टक्के मात्र चालू शकेल असं म्हटलं. तोवर सरकार बदललं होतं. नव्या सरकारने मराठा आरक्षणाचं विधेयक आणलं, मुस्लिमांच्या ५ टक्क्यांचं आणलं नाही आणि वटहुकूम आपोआप संपला. न्यायालयात जे टिकलं होतं ते मंत्रालयात संपलं, तेही कुणी विरोधात सही न करता. आघाडीचं धोरण नेहमी निर्णयानेच मरतं असं नाही, बऱ्याचदा ते मुदत उलटून मरतं.

२०१९ च्या महाविकास आघाडीच्या कार्यक्रमात तर दोन टोकं एका पानावर होती. प्रास्ताविकात राज्यघटनेतली धर्मनिरपेक्ष मूल्यं, आणि खाली स्थानिक तरुणांना नोकऱ्यांत ८० टक्के आरक्षणाचा कायदा. पहिलं वाक्य काँग्रेसला हवं होतं आणि दुसऱ्याचा सूर शिवसेनेचा ओळखीचा. कायदा काही आला नाही. वाचताना मी अभ्यासिकेतल्या मुलांना एवढंच विचारलं होतं: "स्थानिक म्हणजे कोण?" कुणालाच सांगता येईना. अधिवासाच्या दाखल्याला पंधरा वर्षांचं वास्तव्य धरतात. म्हणजे नाशिकच्या अंबडमधल्या चाळीत सोळा वर्षं राहिलेला गोरखपूरचा माणूस कागदावर स्थानिक, आणि शेजारी कालपरवा आलेला त्याचाच मेहुणा परका. तुझ्या देशात हाच आकडा पाच आहे आणि तो दहा करायचं म्हणतात. भांडण सगळीकडे आकड्याचं असतं, नाव फक्त संस्कृतीचं.

आता खात्याकडे येऊ. २०१४ नंतरच्या भाजप-शिवसेना सरकारात परिवहन खातं शिवसेनेकडे होतं, दिवाकर रावते मंत्री. २०१५ मध्ये त्यांनी जाहीर केलं की नवा रिक्षापरवाना मराठी येणाऱ्यालाच. पुढे तसं परिपत्रक निघालं. सरकारात मोठा भाऊ भाजप, आणि मुंबईतल्या उत्तर भारतीय मतांवर भाजपचाही डोळा. तरी हे झालं, कारण परिपत्रक काढायला मंत्रिमंडळ लागत नाही, खातं पुरतं. मार्च २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. यात फायदा कुणाचा झाला? सगळ्यांचाच. शिवसेनेला सांगता आलं की आम्ही केलं, भाजपला काही बोलावं लागलं नाही, आणि दोष न्यायालयाच्या माथी. आघाडीत न्यायालय हा न बोलावलेला पण सोयीचा घटकपक्ष असतो.

हेच २०२५ मध्ये उलटं फिरलं. पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा, असा शासन निर्णय एप्रिलमध्ये आला, ओरड झाल्यावर जूनमध्ये दुरुस्त करून पुन्हा आला. शालेय शिक्षण खातं शिंदेंच्या शिवसेनेकडे, मंत्री आपल्याच नाशिक जिल्ह्यातले, मालेगावचे दादा भुसे. मुख्यमंत्री भाजपचे. तिसरा भागीदार अजित पवारांचा, आणि त्यांनी पहिलीपासून हिंदी नको असं उघडच सांगितलं. २९ जूनला दोन्ही शासन निर्णय मागे घेतले, आणि काय केलं? बरोबर ओळखलंस, समिती नेमली, डॉ. नरेंद्र जाधव यांची. बाहेरचा मोर्चा ठरला होता हे खरं, पण मोर्चे याआधीही निघालेत आणि निर्णय तसेच राहिलेत. इथे आतलाच एक पाय ब्रेकवर होता.

आघाडीतला भागीदार एवढा आडवा येऊ शकतो हे नाशिककरांना वेगळं सांगायला नको. जानेवारी २०२५ मध्ये पालकमंत्र्यांची यादी आली, नाशिकला गिरीश महाजन आले, आणि दुसऱ्याच दिवशी नाशिक आणि रायगडच्या नेमणुकांना स्थगिती मिळाली. सिंहस्थ तोंडावर आणि जिल्ह्याला पालकमंत्री नाही. त्यात संस्कृतीचा, भाषेचा काही संबंध नव्हता. पण यंत्र तेच आहे: तीन किल्ल्यांचं कुलूप, एक किल्लीवाला रुसला की दार बंद.

ब्रेकचं तुझ्याकडचं उदाहरण याहून नेमकं आहे. नोव्हेंबर २०२३ च्या निवडणुकीत विल्डर्स यांच्या पीव्हीव्ही या स्थलांतरविरोधी पक्षाला १५० पैकी ३७ जागा मिळाल्या, जुलै २०२४ मध्ये चार पक्षांचं सरकार आलं आणि आश्रय व स्थलांतराचं खातं पीव्हीव्हीने घेतलं. आणीबाणीचा कायदा वापरून संसदेला वळसा घालून आश्रयाचे नियम कडक करायचा त्यांचा बेत होता. एनएससी हा सरकारातलाच छोटा पक्ष, राज्यघटनेला धरून चालण्याचा त्याचा बाणा. तो आडवा पडला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आणीबाणीचा मार्ग सोडावा लागला. नेहमीच्या वाटेने विधेयकं आणायचं ठरलं. जून २०२५ मध्ये पीव्हीव्ही बाहेर पडला आणि सरकार कोसळलं. नागरिकत्वाला दहा वर्षं, हे तू ऐकलेलं वाक्य त्याच चौघांच्या करारातलं. त्याआधीचं सरकारही, जुलै २०२३ मध्ये, निर्वासितांच्या कुटुंबीयांना बोलावण्यावरूनच पडलं होतं. तुला जे "सारखं कानावर येतं" ते खोटं नाही. पण कानावर येणं आणि राजपत्रात येणं यांच्यामध्ये आघाडी नावाचा खंदक आहे.

मग आघाडी म्हणजे मवाळच, असं म्हणायचं का? नाही. इथे ती कागदावर नसलेली तिसरी गोष्ट येते: बाहेरून पाठिंबा.

डेन्मार्क बघ. २००१ मध्ये व्हेन्स्ट्रे आणि कॉन्झर्व्हेटिव्ह या उजवीकडच्या दोन पक्षांचं सरकार आलं, बहुमत नव्हतं. १७९ च्या संसदेत २२ जागा असलेल्या, स्थलांतराला विरोध करणाऱ्या डॅनिश पीपल्स पार्टीने बाहेरून हात दिला. एकही मंत्रिपद घेतलं नाही. बदल्यात काय घेतलं? अर्थसंकल्पाला मत दिलं, आणि स्थलांतराचे नियम आपल्या मनासारखे करून घेतले. निर्वासित, स्थलांतर आणि एकात्मीकरणाचं वेगळं मंत्रालयच निघालं. पुढच्या वर्षी चोवीस वर्षांचा नियम आला: परदेशी जोडीदार डेन्मार्कमध्ये आणायचा तर दोघांचंही वय चोवीसच्या पुढे हवं. कित्येक डॅनिश जोडपी पूल ओलांडून स्वीडनच्या माल्मोमध्ये राहायला गेली आणि रोज पुलावरून कामाला कोपनहेगनला येऊ लागली. २०११ मध्ये डावीकडची आघाडी आली, तिने ते मंत्रालय मोडलं. २०१५ मध्ये व्हेन्स्ट्रे परत आला, मंत्रालय परत आलं. दारावरची पाटी लावणाऱ्याची मजा.

नेदरलँड्सने २०१० मध्ये हाच धडा गिरवला. दोन पक्षांचं, ३१ आणि २१ मिळून ५२ जागांचं सरकार, पीव्हीव्हीच्या २४ जागा बाहेरून, बेरीज ७६, बहुमत एकाने. २०१२ मध्ये ते पडलं, पण स्थलांतरावरून नाही, खर्चकपातीवरून. बाहेरून पाठिंबा देणाऱ्याला हेच परवडतं. न आवडणारं बिल आपल्या नावावर येत नाही, आवडणारं मात्र नावावर लागतं. कुणाचंही सरकार वाचताना मी आता आधी हा पक्ष शोधतो: खुर्चीवर नसलेला, पण ज्याच्याशिवाय खुर्ची उभी राहत नाही असा.

याची नाशिकची आवृत्ती मजेदार आहे, कारण ती उलटी आहे. फेब्रुवारी २००८ मध्ये परप्रांतीयांविरुद्ध मनसेचं आंदोलन पेटलं तेव्हा नाशिकची सातपूर-अंबड औद्योगिक वसाहत रिकामी होऊ लागली. मी त्या आठवड्यात पंचवटी एक्स्प्रेसने घरी आलो होतो. रात्री नाशिकरोडला उतरलो तर फलाटावर चालायला जागा नाही. पत्र्याच्या पेट्या, वळकट्या, कुणाच्या हातात टेबलफॅन, बायकांनी कडेवर निजलेली पोरं घेतलेली. गाड्या उत्तरेच्या. रांग नव्हती आणि आवाजही नव्हता. एवढी माणसं आणि एवढी शांतता मी पुन्हा पाहिली नाही. हजारो लोक गेले. आणि त्या दिवसांत नाशिकला बसवरच्या दगडफेकीत जीव गेला तो एचएएलच्या एका मराठी कर्मचाऱ्याचा. तेव्हा सरकार आघाडीचं: मुख्यमंत्री काँग्रेसचे, गृहखातं राष्ट्रवादीकडे. कारवाई कुणी, किती आणि कधी करायची, यावर दोन्ही पक्षांच्या कार्यालयांत वेगवेगळं उत्तर मिळत होतं एवढंच मी माझ्या अनुभवावरून सांगतो.

चार वर्षांनी, २०१२ मध्ये, त्याच मनसेला नाशिक महापालिकेत १२२ पैकी ४० जागा मिळाल्या. सगळ्यात मोठा पक्ष, पण बहुमताला बराच कमी. महापौर झाला तो भाजपच्या मदतीने. अडीच वर्षांनी पुन्हा महापौर मनसेचाच, पण आता काँग्रेस, राष्ट्रवादी आणि अपक्षांच्या मदतीने. बाहेरच्यांना हटवा म्हणणारा पक्ष सत्तेत बसला, आणि पाच वर्षं शहर कशावर बोलत होतं? रस्ते, घंटागाड्या, गोदाघाट, उद्यान. नळजोडणीला कुणी मराठीची परीक्षा घेतली नाही. काही जण म्हणतील पक्ष मऊ झाला. मला वाटतं, ४० चे ६२ करायला जे २२ लागतात त्यांनी तो मऊ केला.

मालेगावने तर पुढचा टप्पा गाठला. मोसम नदीच्या एका काठाला यंत्रमाग, उर्दू, १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांचे वंशज. दुसऱ्या काठाला मराठी वस्ती. २०१७ च्या महापालिका निवडणुकीत कुणालाच बहुमत नाही. महापौर काँग्रेसचा, उपमहापौर शिवसेनेचा. मुंबईत हे दोघे एकत्र यायला अजून दोन वर्षं होती. दिल्लीतल्या विश्लेषकांना २०१९ चा धक्का बसला तेव्हा मालेगावचा एक जुना सहकारी मला फोनवर म्हणाला, "साहेब, आमच्याकडे हे होऊन जुनं झालं." दीडशे वर्षं झाली तरी त्या विणकरांना कुणी बाहेरचे म्हणतं, कुणी म्हणत नाही. पण पाणी, गटार आणि यंत्रमागाची वीज यांवर नदीच्या दोन्ही काठांना एकत्र हात वर करावा लागतो.

अटी लेखी घालण्यात युरोप आपल्यापुढे आहे. जानेवारी २०२० मध्ये ऑस्ट्रियात पुराणमतवादी आणि ग्रीन एकत्र आले तेव्हा करारात चक्क असं कलम होतं की स्थलांतराचं संकट आलं आणि दोघांचं जमलं नाही, तर एक भागीदार संसदेत दुसऱ्या कुणाच्या मतांवर कायदा करू शकेल, आणि तरी सरकार पडणार नाही. लग्न टिकवायचं, पण एका विषयापुरती सोडचिठ्ठी. न्यूझीलंडमध्ये २०२३ च्या करारात मोठ्या पक्षाने छोट्याला वचन दिलं की तिथल्या मूळनिवासी माओरींशी झालेल्या वैतांगी कराराची तत्त्वं नव्याने ठरवणाऱ्या विधेयकाला समितीपर्यंत पाठिंबा देऊ, पुढे नाही. एप्रिल २०२५ मध्ये ते ११२ विरुद्ध ११ मतांनी पडलं. त्या ११ मध्ये फक्त विधेयक आणणारा पक्ष. वचन अक्षरशः पाळलं गेलं. मघाचं पेन्सिलीचं प्रकरण आठव.

आता तुझ्या कामाचा भाग, भाषेचा वर्ग. बहुसांस्कृतिकता, एकात्मता या शब्दांवर डच पक्ष तावातावाने बोलतात, पण एका नवख्या माणसाला सरकार किती सामावून घेऊ इच्छितं हे मोजायचं असेल तर एकच विचार: वर्गाचे पैसे कोण भरतं? १९९८ मध्ये मजूर, उदारमतवादी आणि डी-६६ हा मधला पक्ष यांच्या सरकारने नवागतांसाठी पहिला कायदा केला. वर्ग नगरपालिकेने द्यायचा, नवागताने हजर राहायचं. २००७ मध्ये उजवीकडे झुकलेल्या सरकारांच्या काळात तयार झालेल्या कायद्याने भार उमेदवारावर सरकवला: हजेरी नाही, परीक्षा पास होणं महत्त्वाचं. २०१३ पासून सगळं त्याच्यावरच. सरकार दहा हजार युरोपर्यंत कर्ज देणार, वर्ग त्याने बाजारात शोधायचा. तो बदल शिजला होता पीव्हीव्हीच्या पाठिंब्यावरच्या सरकारात, आणि लागू झाला तेव्हा सत्तेत मजूर पक्ष होता! बाजारात काय होतं ते आपल्या कॉलेजरोडवरच्या क्लासवाल्यांना विचार. भाषा धड न येणारा माणूस भाषेच्या क्लासची प्रत कशी जोखणार? बनावट हजेरी, फुगवलेली बिलं, कर्जात बुडालेले निर्वासित. शेवटी चार पक्षांच्या आघाडीने कायदा बदलला आणि १ जानेवारी २०२२ पासून जबाबदारी पुन्हा नगरपालिकेकडे आली, भाषेची पातळी मात्र वाढवून बी-१, म्हणजे युरोपीय मोजपट्टीवरची मधली, केली. उजव्यांना वरची पातळी मिळाली, मधल्यांना नगरपालिका मिळाली. आघाडीचा कायदा हा असा दिसतो.

जर्मनीचंही वळण असंच. १९९९ मध्ये दुहेरी नागरिकत्वाविरुद्ध सह्यांची मोहीम झाली, हेसे राज्यात सत्ता गेली, वरच्या सभागृहातलं बहुमत गेलं, म्हणून सोशल डेमोक्रॅट आणि ग्रीन यांना एफडीपी या उदारमतवादी पक्षाशी तडजोड करावी लागली: परदेशी पालकांची इथे जन्मलेली मुलं जर्मन, पण मोठेपणी एक नागरिकत्व निवडायचं. २०१४ मध्ये दोन मोठ्या पक्षांच्या महाआघाडीने, जर्मनीतच वाढलेल्यांसाठी, ती निवड काढली. जून २०२४ पासून तीन पक्षांच्या सरकारने आठाची पाच वर्षं केली, दुहेरी नागरिकत्व सगळ्यांना खुलं केलं, आणि विशेष प्रगती दाखवणाऱ्याला तीन वर्षांतच. २०२५ मध्ये सरकार बदललं. नवे चान्सेलर मेर्त्स यांच्या पक्षाने प्रचारात बरंच काही उलटवायचं म्हटलं होतं, भागीदार पुन्हा सोशल डेमोक्रॅट. रद्द झाली ती फक्त तीन वर्षांची वाट. पाच वर्षं आणि दुहेरी नागरिकत्व राहिलं. छताची कौलं सारखी बदलतात, जोतं सहसा कुणी उकरत नाही, कारण त्याखाली आपल्याच भागीदाराचा खांब असतो.

जोतं कसलं असतं ते आमच्याकडे कपाटं करायला आलेल्या सुताराकडून शिकलो. गोरखपूरकडचा, २००१ पासून अंबडला, चुंचाळ्याकडे एक खोली त्याने विकत घेतलेली. २००८ मध्ये बायकोपोरीला घेऊन गावी गेला, तीन महिन्यांनी परतला. २०२० मध्ये टाळेबंदीत पुन्हा गेला. महाराष्ट्रातून पहिली श्रमिक विशेष गाडी सुटली ती नाशिकरोडवरून, भोपाळला, आणि तारीख होती १ मे, महाराष्ट्र दिन. हा दुसऱ्या दिवशी लखनौच्या गाडीने गेला आणि दिवाळीआधी परत. मध्यंतरी मुलगी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकली. २०२३ मध्ये तिच्या प्रवेशासाठी अधिवासाचा दाखला हवा झाला. एका कार्यालयातल्या बाबूने विचारलं, वास्तव्य सलग आहे याला पुरावा काय, २००८ मध्ये तुम्ही गेला होतात ना? सुतार माझ्याकडे पिशवी घेऊन आला. आम्ही जमिनीवर कागद मांडले: मुलीच्या शाळेचा पट, शिधापत्रिका, घरपट्टी. आणि २००८ ची विजेची बिलं, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, तिन्ही वेळेवर भरलेली. मी म्हटलं, तू तर नव्हतास, मग भरली कुणी? म्हणाला, शेजारच्या मावशींनी. मीटर कापून नेतील म्हणून. त्यांनी पैसेही नंतर घेतले नाहीत, त्याने त्यांचं देवघर करून दिलं. दाखला मिळाला.

आघाड्यांच्या गोंगाटाखाली असं बरंच काही चालू असतं. शिधापत्रिका दुसऱ्या राज्यात चालण्याची सोय बघ: ऑगस्ट २०१९ मध्ये जी पहिली राज्यं जोडली गेली त्यांत महाराष्ट्र-गुजरात ही जोडी होती. त्यानंतर राज्यात सरकारं किती वेळा बदलली ते तुला माहीत आहे. ती सोय कुठल्या घटकपक्षाच्या जाहीरनाम्याची शान नव्हती, म्हणूनच तिच्यावर कुणाची पेन्सिल आली नाही.

तर तुझं डच. कुशल कामगाराच्या जोडीदाराला परीक्षेची सक्ती नाही, पण पक्कं वास्तव्य किंवा नागरिकत्व मागायला गेलीस की ती लागतेच. कोणतंही सरकार आलं तरी परीक्षा जाणार नाही आणि सोपी तर मुळीच होणार नाही. वर्षांचा आकडा खाली-वर होईल, त्यावर तुझा हात नाही. वर्ग लाव, आणि हेगला कधी गेलीस तर तिथली हिंदुस्तानी वस्ती बघ. १८७३ पासून मजूर म्हणून सुरीनामला नेलेल्यांची पणतवंडं, १९७५ च्या आसपास नेदरलँड्सला आलेली. घरात सरनामी बोलतात, जी ऐकून माझा सुतार हसेल, कारण तिचं मूळ भोजपुरीत आहे. त्यांच्या हिंदू प्राथमिक शाळा सरकारी पैशावर चालतात. हे कुठल्या बहुसांस्कृतिक धोरणातून आलं नाही. १९१७ मध्ये कॅथलिक, प्रोटेस्टंट, उदारमतवादी आणि समाजवादी यांनी आपापसात तडजोड केली की सगळ्यांच्या धार्मिक शाळांना सारखा पैसा. सत्तर वर्षांनी त्या दारातून हिंदू शाळा आत गेली.

आणि नगरपालिकेतली तुझी नोंद तुटू देऊ नकोस. बारा महिन्यांत आठ महिन्यांपेक्षा जास्त देशाबाहेर राहायचं ठरवलंस तर तिथे नाव कमी करून घ्यावं लागतं, आणि मग मोजणी पुन्हा पहिल्यापासून. सिंहस्थाला २०२७ मध्ये घरी ये, अवश्य ये. पण आई कितीही म्हणाली तरी पुढच्या दिवाळीपर्यंत थांबू नकोस.